नेटीची जागा

(१९७०. कॅलिफोर्नियातल्या पॅलिसेड स्टुडिओचं आवार. संकलन विभागासमोर गाड्या लावायची जागा; ज्याच्या त्याच्या जागेवर जमिनीवर नाव रंगवलेलं. सकाळ.)

डेल्मर : गाडी मागे घे, नेटी. रंग ओला आहे.

नेटी : माझ्या जागेवर गुडघे टेकून काय करतोयस? प्रार्थना?

डेल्मर : तू यायच्या आत उरकायचं होतं. कंबर धरली मेली.

नेटी : डेल्मर, माझं नाव अर्धं गेलंय.

डेल्मर : हो.

नेटी : मला कुणी काही बोललंसुद्धा नाही.

डेल्मर : इथे कधी कुणाला सांगतात? वरून निरोप येतो, मी डबा-ब्रश घेऊन निघतो. माणूस गाडी लावायला येतो तेव्हा त्याला कळतं, नोकरी गेली. म्हणून तर सकाळी माझ्याशी कुणी बोलत नाही. नट्या तर मला लांबून बघूनच छातीवर क्रूस काढतात.

नेटी : हॉल्गरचं नाव पुसलंस तेव्हा तो गाडीतच बसून होता.

डेल्मर : माहितीये. मी मान वर केली नाही.

नेटी : दुपारपर्यंत तसाच बसून होता. एवढा मोठा दिग्दर्शक. शेवटी मीच कॉफी नेऊन दिली.

डेल्मर : कशाला उकरून काढतेस? मला काय हौस आहे?

नेटी : त्याचं शेवटचं चित्र माझ्या टेबलावर पडलंय. एक रीळ जोडायचं राहिलंय. तो गेला. आता त्याच्या बाजूनं बोलणारी मी एकटीच. गुरुवारी मूळ फिल्म माझ्या जोडणीप्रमाणे कापायला घेणार. एकदा कापली की कापली, पुन्हा त्यात पैसे कोण घालतोय? तेवढे दिवस दे मला.

डेल्मर : मी कोण देणारा?

नेटी : जमिनीवर नाव असेपर्यंत फाटकावरचा माणूस गाडी आत सोडतो. नाव राहू दे.

डेल्मर : आणि तू नसलीस तर काय होईल त्या चित्राचं?

नेटी : टीव्हीसाठी तासाभराचं करतील. त्यातल्या म्हातारीचा सगळा भाग उडवतील. मग उरल्या नुसत्या बंदुका.

डेल्मर : लोकांना चालतं.

नेटी : तुला चालतं?

डेल्मर : मी बघतच नाही. दिवसभर इथे राबून संध्याकाळी परत इथलंच बघू? हॉल्गरचं एक तेवढं बघितलं होतं. बायको रडली. म्हणजे, मीही रडलो. गप्प बस आता, नवे मॅनेजरसाहेब येतायत.

प्रेंटिस : अजून झालं नाही? जेवायच्या आधी माझी गाडी इथे लागली पाहिजे.

डेल्मर : होतंय, प्रेंटिससाहेब.

प्रेंटिस : आणि या बाई?

नेटी : ही काय मी, तुमच्या पायाशी. अर्धी पुसलेली.

प्रेंटिस : अरेरे. पत्र पोस्टात अडकलं असेल. मनाला लावून घेऊ नका, बाई. हे आवारच विकायचंय. ते मागचं शूटिंगचं पुठ्ठ्याचं गाव पाडून तिथे खरी घरं बांधणार आहेत.

नेटी : सिगारेट कशी पेटवायची, दार कसं आपटायचं, रडताना तोंड कुठे फिरवायचं, हे सगळं जग त्या पुठ्ठ्याच्या गावावरून शिकलं.

प्रेंटिस : माझे आईवडील इथलीच चित्रं बघत प्रेमात पडले. आता ते टीव्हीसमोर झोपतात. मी तरी काय करू? डेल्मर, उरका तेवढं.

डेल्मर : हो साहेब.

नेटी : गेला. काय रे, "हो साहेब"? लाज नाही वाटत?

डेल्मर : वाटते. पण पुढच्या महिन्यात माझं पेन्शन सुरू होतंय, आणि बायकोला आता धरून उठवावं लागतं.

नेटी : पूस मग. मी इथेच उभी राहून बघते. मान वर केली नाहीस तरी चालेल.

डेल्मर : बघू नकोस, नेटी.

नेटी : पूस.

डेल्मर : ...झालं.

नेटी : एवढंच? आयुष्य घातलं इथे, आणि चार फटकाऱ्यांत संपलं.

डेल्मर : कोपऱ्यावरचं डोनटचं दुकान सकाळी लवकर उघडतं ना?

नेटी : मला आता डोनट नको.

डेल्मर : ऐक तर. उद्या तिथे थांब. माझा ट्रक येईल. मागे डब्यांवर ताडपत्री टाकलेली असते, तिच्याखाली शीर. माझा ट्रक फाटकावर कुणी उघडत नाही. माझ्याकडे बघायचंच टाळतात सगळे.

नेटी : ताडपत्रीखाली? या वयात?

डेल्मर : टर्पेंटाइनचा वास मारेल. कपडे जुने घाल. गुरुवारपर्यंत रोज नेतो.

नेटी : आणि सापडलास तर?

डेल्मर : तर काढतील.

नेटी : पेन्शन जाईल, डेल्मर.

डेल्मर : मला कळतं ते.

नेटी : बायकोला काय सांगशील?

डेल्मर : ते तूच सांग. माझं ती ऐकत नाही. आण ती चावी. गाडी मी बाहेर लावून येतो. तू मागच्या जिन्यानं वर जा, आजचा दिवस कशाला फुकट घालवतेस?