कुसुमताईंना ओळखू येणारी गाडी

पिंकी, चष्मा पर्समध्ये आहे. डोक्यावर हात फिरवू नकोस, तिथं नाही. परवा कुकरला शिट्टी लावायची विसरलीस आणि शिट्टी का होत नाही म्हणून शेजारी विचारायला गेलीस, त्यामुळे हे आधीच सांगून ठेवते. आणि एवढं मनात वाचायचं आहे, माईकवर नाही. वाचलंस ना? मला वाटलंच होतं. असू दे. आता सावकाश पुढं चल.

आजच्या या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, कामगार संघटनेचे आपले अण्णासाहेब. व्यासपीठावर विराजमान झालेले कंपनीचे साहेब लोक. पहाटेच्या बसमध्ये माझ्या नातीशेजारी डुलक्या घेत चाकणला जाणारे इंजिन चाचणी विभागातले तिचे सोबती. पिंपळे गुरवहून आलेली आमच्या गल्लीतली मंडळी. आणि जेवण कधी आहे हे मघापासून विचारत फिरणारे आमचे पाहुणे, आपणां सर्वांना गिरजाबाईचा सविनय जय भीम.

नेहाच्या आजीनं दोन शब्द बोलावेत, असं आपण सुचवलंत. बोलायला मी कधी मागंपुढं पाहिलेलं नाही, आमच्या गल्लीला विचारा. पण आज समोर नेहा बसलेली असणार. तिच्याकडे बघून मी बोलता बोलता थांबले तर उद्या सगळीकडे होईल, म्हातारी रडली. म्हणून घरी ओट्यावर बसून मी सांगितलं आणि आमच्या या नातसुनेनं उतरवून घेतलं. आता ती वाचेल, आणि मी खुर्चीत बसून कोण जांभई देतं ते बघेन.

नेहाचं कौतुक आपण सगळ्यांनी केलंत. हुशार आहे, वक्तशीर आहे, मनमिळाऊ आहे. पहिली दोन मला मान्य. तिसऱ्याबद्दल तिच्या भावाला विचारावं लागेल. मी तिची एक गोष्ट सांगते. तिला बघायला पाहुणे आले होते. पोहे देताना पाहुण्यांतल्या बाईंना तिच्या नखांत काळं दिसलं. त्या म्हणाल्या, "मेंदीचं राहिलंय वाटतं?" नेहा म्हणाली, "नाही, इंजिनाचं तेल आहे. जात नाही." ती माणसं पोहे खाऊन गेली ती गेलीच. मला फार वाईट वाटलं नाही. तेल खोटं सांगून लपवणारी पोर मला नकोच होती.

आता मूळ गोष्टीकडे येते. आपल्याकडे छोट्या डिझेल इंजिनांचं काम बंद झालं, हे आपण जाणताच. कंपनीनं नेहाला वाऱ्यावर सोडलं नाही, बॅटरीच्या गाड्यांच्या विभागात जागा दिली. थंडगार हॉल, पांढरा कोट, हाताला काळं लागायचं नाव नाही. त्याबद्दल आम्ही कंपनीचे ऋणी आहोत. पण ही पोरगी तिथं गेली आणि घरी येऊन गप्प बसू लागली. एकदा मी विचारलं, "काय गं, त्रास देतं का कोणी?" म्हणाली, "नाही आजी. तिथं ऐकायलाच काही नाही."

मग तिनं बिनपगारी रजा घेतली आणि आमच्या पिंपळे गुरवात एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली. काम कसलं? तर जुन्या डिझेल गाड्यांच्या इंजिनांचं. म्हणजे ज्या गाड्यांत कॉम्प्युटर नाही, पंप डिझेल ढकलतो, नोझल ते फवारतं आणि इंजिन आपलं आपण पेटत राहतं, तेवढ्याच गाड्या. नव्या गाड्या घ्यायच्या नाहीत. तिचा बाप, म्हणजे माझा भीमराज, पिंपरीच्या कारखान्यात पाळ्या करून म्हातारा झाला. पर्मनंट हा शब्द आमच्या घरात किती मोठा, हे आपल्यासारख्यांना सांगायला नको. तो म्हणाला, "लोक पर्मनंट व्हायला आयुष्य घालवतात, आणि ही हातातली सोडून भंगार दुरुस्त करणार." त्यानं तिच्याशी बोलणं सोडलं आणि चार दिवस माझ्याशीसुद्धा अबोला धरला. जणू पाना मीच तिच्या हातात दिला.

शेड उघडली त्या दिवशी आम्ही मेणबत्त्या लावल्या, बुद्धवंदना घेतली. शेजारचा पंक्चरवाला नारळ फोडायला घेऊन आला होता. त्याचं मन मोडवेना, म्हणून नारळ घेतला आणि दुपारी त्याची चटणी करून त्यालाच जेवायला बोलावलं. असा तो शुभारंभ. पण रजा संपायच्या आत काम दिसलं पाहिजे, नाहीतर परत कामावर रुजू व्हायचं, असं अबोल्याच्या आधीच बापलेकीचं ठरलं होतं. परत येणार की राजीनामा देणार, त्या अर्जाची मुदतही जवळ येत होती. पिंकी, इथं जरा थांब, पाणी पी. टाळ्या वाजवण्यासारखं अजून काही झालेलं नाही.

पहिली गाडी आणली उद्धवरावांनी. ते इथंच मागच्या रांगेत बसलेत, उभं राहायला सांगू नका, लाजतात. मूळचे बीडकडचे. उभं आयुष्य त्यांनी स्वतःच्या डिझेल गाडीवर भाडी मारली. आता मुलगा हिंजवडीला नोकरीला, म्हणून मारुंजीत भाड्याच्या घरात राहतात. गाडी सकाळी पेटायची नाही, पेटली की काळा धूर. कुठल्याही गॅरेजात न्यावी तर पोरं कॉम्प्युटरची वायर हातात घेऊन ती खोचायची कुठं म्हणून शोधत बसायची, आणि मग म्हणायची, "काका, भंगारात द्या."

नेहानं ती गाडी मन लावून उघडली. नोझल बदलले, पंप साफ केला, त्याचं टायमिंग लावलं, म्हणजे डिझेल कोणत्या क्षणी आत जावं ते बसवलं. कंपनीत शिकलेली पोर. चाचणीच्या खोलीत जरा कुठं टकटक ऐकू आली की ती चूक, ती काढून टाकायची, हे तिच्या हाडात मुरलेलं. गाडी परत दिली तेव्हा इंजिन असं चाललं होतं की मी बोनेटवर हात ठेवून बघितला, चालू आहे की बंद. उद्धवरावांनी हात जोडले. नेहा त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी उद्धवराव पुन्हा शेडपाशी. गाडी बाहेर लावलेली. आत येईनात, हातातल्या किल्लीशी चाळा करत उभे. मी शेडच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसते, कोण आलं-गेलं बघायला. म्हटलं, "काय वो उद्धवराव, बंद पडली का?"

"न्हाई बाई. गाडी लै झाक झाली."

"मग तोंड का असं?"

ते खाली बघत म्हणाले, "घरातली भाईर आली न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या मालकीण, कुसुमताई, अलीकडे सगळं विसरत चालल्यात. पिंकीच्या विसरण्यावर मी हसते, तसं हे विसरणं नाही. मुलाला पाहुणा समजतात, सुनेला बहिणीच्या नावानं हाक मारतात. मारुंजीचं घर त्यांना नवं, दार नवं, शेजार नवा. जुन्या घरातून त्यांच्या ओळखीचं एकच काही सोबत आलं होतं, गाडीचा आवाज. आयुष्यभर उद्धवराव कधी दुपारी, कधी दिवेलागणीला भाडं मारून यायचे. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की त्या आतून उठून दारात येणार आणि विचारणार, "आलात का?" बाकी सगळं गेलं तरी तेवढं राहिलं होतं. आणि काल गाडी गल्लीत आली, थेट दारासमोर थांबली, आणि त्या टीव्हीपुढं बसून राहिल्या. आत गेल्यावर त्यांनी यांना विचारलं, "कोण पायजे तुमाला?"

नेहा हे शेडच्या आतून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "पण काका, तो आवाज म्हणजे बिघाड होता. पंप पुढं सरकला होता, म्हणून इंजिन ठोकत होतं."

"आसंल की, पोरी," उद्धवराव म्हणाले. "पर ती त्या बिघाडावरच वळखायची ना मला."

ते गाडी घेऊन गेले. नेहा एका उपड्या डब्यावर बसली. मला म्हणाली, "आजी, मी परत रुजू होते. पहिलंच काम, आणि मी माणसाच्या घरातलं काय काढून टाकलं बघ. मला विचारायचंही सुचलं नाही." मी म्हटलं, "रुजू व्हायचं तर हो. पण उद्धवरावांचं काम तसंच ठेवून जाणार का?" त्यावर ती मला रागानं बोलली. काय बोलली ते पिंकीला लिहू दिलेलं नाही, अध्यक्षांसमोर शोभणार नाही.

संध्याकाळी तिनं पान्यांची पिशवी उचलली आणि मला म्हणाली, "चल मारुंजीला." मी विचारलं, "माझं तिथं काय काम?" तर म्हणे, गाडीत वजन पाहिजे, त्याशिवाय आवाज नीट कळत नाही. हे साफ खोटं होतं. तिला एकटीला जायची भीती वाटत होती.

ती संध्याकाळ मी विसरणार नाही. उद्धवराव गाडी गल्लीच्या तोंडाशी न्यायचे आणि तिथून दारापर्यंत आणायचे. नेहा दारापाशी उभी राहून ऐकायची. मग इंजिन बंद, बोनेट वर, पंपाचे बोल्ट सैल, पंप केसभर फिरवायचा, बोल्ट घट्ट, पुन्हा गल्लीच्या तोंडाशी. मी पायरीवर बसून आतल्या टीव्हीकडे कान लावलेला. आत काही हलेना. उद्धवराव म्हणायचे, "याच्यापेक्षा जरा रागीट हुता." नेहा विचारायची, "रागीट म्हणजे कसा, काका? रिकाम्या डब्यावर ठोकल्यासारखा?" "न्हाई गं. खोकल्यासारखा. म्हाताऱ्यावानी." मी म्हटलं, कंपनीत असं माप असतं का गं? तिला हसू आलं, खूप दिवसांनी.

वरच्या गॅलरीतून एक पोरगा कानाला यंत्र लावून वाकला. "काका, मीटिंग चालू आहे राव, ते बंद करा ना." मी खालून सांगितलं, "भावा, आमची पण मीटिंगच चालू आहे. संपली की सांगते." तो आत गेला, आणि थोड्या वेळानं कानातलं काढून, काय चाललंय ते बघायला खालीच आला.

उजेड कमी होत चालला होता. उद्धवराव म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी. तू केलंस तेवढं लै झालं." नेहानं मान हलवली. पंप आणखी थोडा फिरवला आणि म्हणाली, "काका, एकदा. यापुढं नेला तर इंजिनाला त्रास होईल, मग मी नेणार नाही." उद्धवराव गाडी घेऊन गेले. गल्लीच्या तोंडाशी वळली आणि आवाज आला. ठक, ठक, ठक. मला इंजिनातलं कळत नाही. पण माझ्या पाठीमागं कडी वाजली ते मला कळलं.

कुसुमताई दारात आल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला. गाडीतून उतरणाऱ्या उद्धवरावांना म्हणाल्या, "आलात का? किती उशीर. भूक लागली आसंल." मग माझ्याकडे बघून, "ह्या कोण? ह्यास्नी बी वाढते." घरात त्यांनी चूल पेटवून किती काळ लोटला, कोण जाणे. उद्धवराव म्हणाले, "वाढ." आणि तिथंच गाडीचं दार धरून उभे राहिले. वरचा तो मीटिंगवाला पोरगा उगाच मोबाइलमध्ये बघू लागला. नेहा बोनेटमध्ये वाकून पुसून चकचकीत असलेला पंप पुन्हा पुसत होती. मी तिला हाक मारली नाही.

परत येताना रिक्षात ती पान्यांची पिशवी मांडीवर धरून बसली होती. पिंपळे गुरव आल्यावर म्हणाली, "आजी, शेड चालूच ठेवते. बाबांना मी सांगू की तू सांगशील?" मी म्हटलं, "मी सांगितलं तर तो पुन्हा माझ्याशी बोलायचं सोडेल. तू सांग, तुझ्याशी तो बोलतोच कुठं." तिनं सांगितलं. भीमराज ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "शेडचा पत्रा गळतोय. रविवारी बघतो." आमच्या घरात आशीर्वाद असाच देतात.

म्हणून ती आज इथून जाते आहे. शेड चालेल का? मला माहीत नाही, आणि तिलाही माहीत नाही. जुनी इंजिनं वर्षावर्षाला कमीच होणार. पण आता गाडी घेऊन जो कोणी येतो, त्याला ती पाना उचलायच्या आधी विचारते, यातलं काय तसंच ठेवू? लोक गोंधळतात. मग खुर्चीत बसतात आणि सांगू लागतात. एक जण तर गाडी न आणताच नुसता सांगून गेला, गाडी दुसऱ्या दिवशी आणली.

अण्णासाहेब, साहेब लोक, ही पोर आपल्याकडे आली तेव्हा तिला ऐकू येत होतं, पण काय ऐकायचं ते कळत नव्हतं. ते आपण शिकवलंत. चुकली तेव्हा रागावलात, बस चुकली तेव्हा तिची पाळी सांभाळून घेतलीत. तिच्या डब्यातली माझी मेथीची भाजी कोण खायचं तेही मला माहीत आहे, ते पहिल्या रांगेतच बसलेत. आपणां सर्वांचे मी मनापासून आभार मानते. तिची जागा रिकामी ठेवू नका, दुसऱ्या कोणाला द्या. तिची आठवण तेवढी ठेवा, आणि कोणाच्या दारात जुनी डिझेल गाडी गंजत असेल तर भंगारात द्यायच्या आधी तिला फोन करा.

नेहा, तुला मी वेगळं काही सांगत नाही. घरी आलीस की सांगेन. हात धुऊन ये.

माझ्या बोलण्यात कोणाचा मान राहून गेला असेल, कोणाला जास्तीचं लागलं असेल, तर ते पिंकीनं चुकीचं उतरवलं असं समजून पोटात घाला. नाव राहिलं असेल तर माझ्यापाशी येऊन सांगा, मी तोंडानं घेईन.

शेवटचं, हे आचाऱ्यासाठी. कुसुमताईंना आज इथं आणता आलं नाही, शेजारीण बसली आहे त्यांच्यापाशी. उद्धवरावांसोबत दोघांचा डबा पाठवायचा आहे. भात मऊ घालायचा, वरचा कोरडा नको. वरण जास्त, वर तूप. बटाट्याच्या भाजीतल्या मिरच्या वेचून काढा, पुऱ्या देऊ नका, त्यांना चावत नाहीत. गुलाबजाम दोन, पाक निथळून. आणि तिसरं एक ताट वेगळं बांधून ठेवा, कारण दारात कोणी दिसलं तर त्या वाढल्याशिवाय राहत नाहीत.