साडूंचा एसी हॉल

तुम्ही हॉल काढायचं म्हणताय ना, मग आधी आमच्या साडूंचं ऐका. त्यांनी तलासरीत लग्नाचा एसी हॉल बांधला. पहिलं बुकिंग जवळच्याच पाड्यातलं. मुलीचे वडील सगळा हॉल फिरून बघून म्हणाले, "झकास आहे, शेठ. मांडव कुठं घालायचा?"

"अहो, वर स्लॅब आहे. मांडव कशाला?"

"मांडवाशिवाय लग्न कसं लागेल?"

पहिलंच गिऱ्हाईक, हातचं जायला नको, म्हणून साडू म्हणाले, "घाला की कुठंही."

आदल्या दिवशी अख्खा पाडा बांबू आणि आंब्याच्या डहाळ्या घेऊन आला. खांब रोवायला कुणीतरी पहार थेट नव्या टाइल्सवर टेकवली, तसे साडू ओरडले, "इथं नाही! पार्किंगमध्ये!"

पाड्यानं पार्किंगमध्ये सुरेख मांडव घातला. दुसऱ्या दिवशी लग्न तिथंच लागलं. जेवणं तिथंच, नाचही तिथंच.

मी साडूंना शोधत हॉलमध्ये गेलो. आत ओळीनं मोटारसायकली लावलेल्या आणि मधे खुर्चीत साडू एकटेच.

"या गाड्या इथं कशा?"

"पार्किंगमध्ये लग्न आहे ना."

"मग एसी कशाला चालू?"

"पॅकेजमध्ये आहे."