निळा झेंडा

हसू नका, आधी ऐका. आपल्याकडं कार्टिंगचा, म्हंजे बुटक्या रेसगाड्यांचा, ट्रॅक नवीन झालता तवाची गोष्ट हाय. शनिवारी सराव, रविवारी रेस. शिरोलीच्या फाउंड्रीत रजा टाकून बाबा माझी रेस बघाय आलते.

मी पहिल्यापासनंच शेवटाला. पाचव्या फेरीला वळणावरचा एक माणूस माझ्याकडं बघून निळा झेंडा हलवाय लागला. म्हटलं, इथंबी आपला माणूस हाय! हात वर करून ओरडलो, "जय भीम!" आणि पाय दाबला. पुढच्या फेरीला त्यानं आणखी जोरात हलवला, मग मीबी आणखी जोरात "जय भीम!" एक फेरी जास्त मारून आलेले तिघं माझ्या मागं अडकून नुसते बोंबलत हुते.

रेस संपल्यावर झेंडेवाला पळतच आला. "ओ पावणं, निळा झेंडा म्हणजे मागनं फास्ट गाडी आलीया, तिला वाट सोडायची!"

मी मान खाली घातली. बाबांनी मात्र त्याच्या हातातला झेंडा नीट बघितला आणि म्हणाले,

"वाट सोडायचं बंद कराय तर आमच्या वडलांनी ह्यो हातात घेतला की ओ!"