पेत्र म्हणजे खडक

दुष्काळात आमची तेर गावची विहीर आटली, तवाची गोष्ट. ती आणखी खोल करायला आण्णांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, नगरकडचा सुरुंगवाला बोलावला. आण्णांनी त्यांच्या खणखणीत आवाजात नाव विचारलं.

"पेत्र."

"म्हंजी काय हो?"

"खडक. येशूनं आपल्या शिमोन नावाच्या शिष्याला दिलेलं नाव आहे ते."

आण्णांचा चेहरा पडला. "आमाला पानी पायजे, अन् खडकालाच खाली सोडायचं व्हय? अपशकुन हाय. तुमी उतरू नका."

माणूस लांबून आलेला, हातचं काम सोडवेना. म्हणाला, "मग शिमोन म्हणा. त्याचा अर्थ ऐकणारा."

"हे बेस झालं. उतरा. पानी कुठं झुळझुळतंय का, ते ऐका."

तो उतरला. थोड्या वेळानं आण्णांनी काठावरून हाक दिली, "शिमोन, काय ऐकू येतंय का?"

उत्तर न्हाय. तीनदा हाक मारली. निम्मी गल्ली गोळा झाली, पण खालून हूं की चूं न्हाय. शेवटी आण्णांनी त्याच्या बाजूला बारकं ढेकूळ टाकलं. त्यानं वर बघितलं अन् कानामागं हात धरला.

"मोठ्यानं बोला, आण्णा. सुरुंग उडवून उडवून कान गेलेत."

आण्णा मटकन खाली बसले. म्हणाले, "तुमी पेत्रच ऱ्हावा. ह्याच्यापरीस खडक परवडला."