मिडास राजा आणि मामांचं चादरीचं दुकान

मला चंचल म्हणता ना, मग सासऱ्यांच्या दुकानात मी किती टिकलो ते ऐका. चौऱ्याहत्तर साल असेल. "मास्तरकीत काय ठेवलंय?" म्हणत मामांनी मला सोलापुरातल्या शाळेतून उठवून चादरीच्या दुकानात गादीवर बसवलं. पैसा दिसायला लागला, पण बसल्या बसल्या माझा पाय सारखा हलायचा. मामा खेकसायचे, "जावईबापू, पाय हलवू नका. लक्ष्मी जाते."

एकदा मंद्रूपचे एक वरबाप आहेराच्या चादरी घ्यायला आले. चादरीवरची सोनेरी वेलबुट्टी दाखवताना माझ्या तोंडून निघून गेलं, "ग्रीकांचा एक मिडास राजा होता. हात लावील त्याचं सोनं व्हायचं. घास उचलला तर घासाचंसुद्धा."

"म्हंजे आपल्या भस्मासुराचा भाऊच की वो!"

मग काय, मी सुटलोच. दोघांनी वर मागून घेतला आणि दोघांचा हातच त्यांचा वैरी झाला. "तेवढ्यात राजाची लाडकी लेक धावत आली..." इथं वरबापांना एसटी आठवली. चादरी न घेताच ते पळाले. गल्ल्यावरून सगळं ऐकणारे मामा मोडलेल्या घड्या घालत दिवसभर धुमसत राहिले.

दुसऱ्या दिवशी वरबाप चार माणसं घेऊन हजर! मामांनी खुशीत ढीगभर चादरी उलगडल्या.

"चादरी ऱ्हाऊ द्या," वरबाप मला म्हणाले. "त्या पोरीचं म्होरं काय झालं?"

मामांनी हातातली चादर खाली टाकली.

"जावईबापू, उद्यापासनं तुमी शाळेतच जावा. पण आदी त्या पोरीचं सांगा."

बघतो तर मामांचाच पाय हलत होता.