ताईचा मोडलेला पाय

हॅलो? …हो ताई, बोल. कारखान्यातच आहे… थांब, मशीन बंद करतो, काही ऐकू येत नाहीये… हं, आता बोल.

काय? पडलीस? कुठे? …जिन्यावर? अगं, हनुवटीला टाके म्हणजे काय थोडंथोडकं लागलंय!

आणि पाय? …खरा नाही गं, मी केलेला. …मोडला?

वजन? कसलं वजन वाढलंय तुझं! उगीच काहीतरी… अगं ऐक ना. दोन पैलवान पेलायला हवे होते त्या पायाने.

तुकडा आहे ना जवळ? मोडलेली कड बघ. …झाडूसारखी पिंजलीये? बरं. धाग्यांवरून बोट फिरव, हलकेच, टोचतील. काही चिकटलंय का त्यांना? काचेसारखं, कडक? …काहीच नाही? नुसते कोरडे काळे धागे…

 

ताई, तुझं काही चुकलं नाही. …अगं, नुसत्या धाग्यांत कसला आलाय दम? रेझिन त्यांना घट्ट धरून ठेवतं, म्हणून भार सगळ्यांवर वाटला जातो. इथे त्याने धरलंच नाही. …का म्हणजे… माझ्यामुळे.

साच्याला मेण लावतो ना आम्ही, वस्तू न चिकटता सुटून यावी म्हणून? तेच मेणाचे हातमोजे घालून मी तुझ्या पायाचं ते काळ्या धाग्यांचं कापड पसरलं. मेण लागलं की रेझिन धरत नाही. …नाही, चुकून नाही! तेव्हाच लक्षात आलं होतं. म्हटलं, एवढ्याशाने काय होतंय. तुझ्या वाढदिवसाला द्यायचा होता, चारचौघांत मिरवायचं होतं… भार टाकून तपासलासुद्धा नाही.

डॉक्टरांना काय सांगितलंस? …उड्या मारत उतरत होते? तू? …माझं नाव खराब होईल म्हणून? ताई, नको ना गं… मेल्याहून मेल्यासारखं होतंय मला.

काय? …आणखी कोणाचा पाय केला होता का, म्हणतेस?

थांब. …त्याच दिवशी… हो. अजून एक केला होता, तुझ्या डॉक्टरांनीच पाठवलेल्या त्या रंगाऱ्याचा.

डॉक्टर आहेत तिथे? फोन दे त्यांना. …राहू दे माझं नाव! दे म्हणतो ना!

नमस्कार डॉक्टर, मी धाकटा भाऊ. …नाही, उड्याबिड्या काही नाही, ती मला पाठीशी घालतेय. पाय मीच कच्चा केला. …हो, बरोबर ऐकलंत. आणि तुमच्या त्या रंगाऱ्याचाही, त्याच हातांनी. …शिडीवर चढतो, माहीत आहे मला. आधी त्याला फोन लावा, खाली उतर म्हणावं. …मला काय बोलायचं ते मग बोला, मी इथेच आहे… ठेवा डॉक्टर, ठेवा आधी!