हे संप कुठं आलं?

वाशीमच्या यष्टी स्टँडवर रिठदच्या गाडीची वाट पाहत दोघी माझ्या बाजूला बसल्या होत्या. विमलबाईच्या मांडीवर तापानं मलूल झालेला नातू होता. तुळसाबाई भाजी विकून रिकामी टोपली घेऊन निघाली होती.

"काय वं विमल, दवाखान्यातून इतक्यात परतली?"

"डाक्टर संपावर गेले म्हणते. हे संप कुठं आलं, तुळसाबाई? यष्टी जात असंन तर लेकराले तिकडंच नेतो."

"अवं, गाव नाही ते! पगार वाढवा म्हणून सारे मिळून काम बंद ठेवतात, त्याले संप म्हणतात."

"अन् बिमार माणसानं काय करावं?"

"माह्या घरी तापाची गोळी हाये, उतरल्यावर देतो. पण त्यायचंबी बरोबर हाये. एवढे शिकले, दिवसभर राबतात, महागाई अशी. सरकारले सांगून सांगून थकले."

"लोकं तर शिव्या देऊन राह्यले त्यायले."

"देऊ दे. अडून बसल्याबिगर कोण आयकते?"

"हो, हे खरं हाये."

"मंग!"

"तुळसाबाई, गेल्या साली आमी बाया मजुरी वाढवा म्हणून तुमच्या वांग्याच्या वावरात गवत निंदाले आलो नाही."

"त्याचं काय आता?"

"तोबी संपच होता ना?"

"आता... तसंच म्हण."

"तवा तर तुमी त्याले माज म्हणल्या."